'चालू आहे', एवढंच?

काल रात्री पावणेबाराला घरी आले, सँडल दारातच भिरकावल्या, आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते, नाहीतर उद्या ऑफिसात कोणावर तरी निघेल. क्लबचं नाव लिहिणार नाही. नवरा मेंबर आहे आणि मला याच घरात राहायचंय.

तर काल क्लबचा वार्षिक गौरव सोहळा होता. या सगळ्या सेवाभावी क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं, त्यामुळे जून संपत आला की आमच्या नाशकात गंगापूर रोड ते मुंबई नाका एकही हॉल मोकळा नसतो. साडेसातची वेळ, सुरू झालं पावणेनऊला. मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय (दोन पानं, शाळेत वक्तृत्वात आलेल्या नंबरासकट), मग शायरी मारणारा सूत्रसंचालक, आणि मग स्लाईड्स. वर्षभरात इतके प्रोजेक्ट, इतके लाभार्थी, इतकी झाडं. झाडांचा आकडा आल्यावर सगळ्यात जोरात टाळ्या. मी त्या टेकडीवर गेलेय हो, म्हसरूळच्या पुढे. जुलैत खड्डे दिसत होते, एप्रिलमध्ये नुसत्या काड्या. पण काडी थोडीच स्लाईडवर येते!

या सगळ्याची सवय आहे मला. हरसूलकडच्या आश्रमशाळेतल्या एका पोराला एक वही देताना तिला सहा मोठ्या माणसांनी हात लावलेला फोटो, तोही पचतो. काल जे गिळलं गेलं नाही ते वेगळंच होतं. सगळ्यात शेवटी एक स्लाईड आली, 'कायमस्वरूपी प्रकल्प', त्याखाली तीन ओळी, आणि तिसरी ओळ 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्र – चालू'. चार सेकंद. पुढची स्लाईड 'आभार'.

चालू!

2019 चा ऑगस्ट. गोदावरीला पूर आला होता, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली होती, त्याच आठवड्यात सासरे बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड, ऑपरेशन, रॉड. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले घरी हॉस्पिटलचा बेड लागेल, डोक्याकडून वर होणारा. विकत घ्यायचा तर किती, आणता कुठून, आणि नवरा त्या वेळी पुण्यात अडकलेला, तेव्हा तो मेंबरही नव्हता. कोणीतरी याच साहित्य केंद्राचा नंबर दिला. रात्री साडेनऊला फोन लावला, म्हटलं सकाळी या म्हणतील. पलीकडून, "ताई, छोटा हत्ती सांगितलाय का? नसेल तर मी सांगतो, तुम्ही फक्त पत्ता द्या."

गोडाऊन म्हणजे एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखालची खोली. केंद्र सांभाळणारे काका स्कूटरवरून रेनकोट घालून आले, सत्तरीचे तरी असतील, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि बॅटरी. फुलस्केप वहीत नाव, नंबर, डिपॉझिट 2000 लिहून घेतलं. भाडं नाही. मग बेडचं हँडल स्वतः फिरवून बघितलं, करकर वाजलं तर खिशातून तेलाची बाटली काढली (खिशातून!), दोन थेंब सोडले, परत फिरवलं. आणि हँडल सुतळीने बेडच्या पायाला बांधून टाकलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले, "हँडल हरवलं की अख्खा बेड भंगार. लोक बेड जपतात, हँडल कोणी जपत नाही."

हे मी कालपासून नवऱ्याला दहा वेळा ऐकवलंय. तो म्हणतो, अगं पण त्यांना हौसच नाही स्टेजची. अरे, हौस नाही म्हणून नाव नाही घ्यायचं? कोणाकोणाला हौस आहे ते काल बघितलंच की अडीच तास! बेस्ट बुलेटिनला ट्रॉफी. बेस्ट अटेंडन्सला ट्रॉफी, म्हणजे जेवायला नियमित आल्याबद्दल. लेडीजसाठी पाककृती स्पर्धा घेतली त्याला ट्रॉफी आणि शाल.

आणि खरी गोम त्या जुलै-जूनमध्येच आहे. अध्यक्ष एका वर्षाचा. त्याला त्याच्या वर्षात काहीतरी नवं दाखवायचं असतं, कारण नव्यालाच बक्षीस. आधीच्यांनी सुरू केलेलं नीट चालवलं तर ते 'त्याच्या वर्षाचं' कसं होणार? त्यामुळे दरवर्षी नवी थीम, नवी पिन, नवा फ्लेक्स, आणि साहित्य केंद्र कोणाचंच नाही. ते काकांचं. काका गेले की कुलूप.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येईलच की ताई, सत्कार केले नाहीत तर नवे मेंबर कसे येणार, आणि फोटो नसेल तर सातपूर-अंबडच्या कंपन्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठीचे, पैसे कशा देणार. बरोबर आहे, देणार नाहीत. मान्य. पुढे.

पोलिओचंच घ्या ना. रोटरीने ते काम 1985 ला अंगावर घेतलं. भारतातली शेवटची केस जानेवारी 2011 मधली, हावड्याची, आणि पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं मार्च 2014 ला. म्हणजे शेवटच्या केसपर्यंतच सव्वीसेक वर्षं! तेवढ्यात एकेका क्लबचे सव्वीस अध्यक्ष बदलले असतील, कोणाच्या वर्षात घालायचं ते सांगा. खरं राबल्या अंगणवाडीच्या बाया आणि नर्सेस, हे तर आहेच, पण रविवारी बूथवर टेबल-खुर्च्या, चहा, बॅनर घेऊन बसणारे क्लबवालेही होते. माझ्या लेकीच्या डाव्या करंगळीला शाई लावणाऱ्या आजोबांच्या शर्टाला ती रोटरीची चाकाची पिन होती, मला अजून आठवतं. तेच काम, तोच डोस, परत तोच रविवार. नवं काय होतं त्यात? लायन्सचंही तसंच, अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी 1925 ला त्यांच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी काम करा म्हणून सांगितलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम धरून बसलेत.

आणि एक गंमत, रोटरीच्या शिकागोतल्या पहिल्या क्लबने शहरासाठी केलेलं पहिलं काम कोणतं, तर सार्वजनिक शौचालय! काल हे कोणी बोललं असतं तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण मग ते रोज धूत कोण होतं, हाही प्रश्न विचारला असता. माझा स्वभावच तसा.

बरं, एवढं लिहून झाल्यावर थोडं शांत वाटतंय, तर कालचंच अजून एक सांगते. काका आले होते. कुठे होते? स्टेजच्या बाजूच्या टेबलामागे. खोक्यातून एकेक ट्रॉफी काढायची, तिला चिकटलेले थर्माकोलचे दाणे रुमालाने पुसायचे, नाव वाचून सूत्रसंचालकाच्या हातात द्यायची. चाळीस तरी ट्रॉफ्या असतील. एकही उलटी गेली नाही, एकाचीही अदलाबदल झाली नाही. मी स्वीट डिशच्या लाईनीत त्यांना गाठलं, म्हटलं काका, साहित्य केंद्राचं काहीच बोलले नाहीत. ते म्हणाले, "लिहिलं होतं ना, चालू म्हणून. बंद लिहिलं असतं तर वाईट वाटलं असतं." आणि गुलाबजाम घेऊन गेले.

मला तिथेच रडू आलं, खोटं नाही सांगत. कारण 2021 च्या एप्रिलमध्ये, जेव्हा नाशिकमध्ये ऑक्सिजन म्हटलं की माणसं हात जोडत होती, तेव्हा याच जिन्याखालून कॉन्सन्ट्रेटर जात होते. शेजारच्या वहिनींसाठी एक आणायला मी गेले होते, तेव्हा तीच फुलस्केप वही बघितली. काही नावांपुढे 'परत आले' लिहिलेलं होतं, आणि काही नावांपुढे मशीन परत आल्याची तारीख होती पण अक्षर वेगळं होतं. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

नवरा आत्ता मागे उभा राहून वाचतोय, म्हणतोय टाकू नकोस, 1 तारखेला नव्या अध्यक्षांचं पदग्रहण आहे, मला तोंड दाखवायचंय. त्याला म्हटलं, दाखव की, आणि जाताना त्यांना सांग, पुढच्या जूनमध्ये ती स्लाईड पहिली लावा, आणि वर्षभरात किती बेड बाहेर गेले, किती हँडलसकट परत आले तेवढं वाचून दाखवा. तुमच्या झाडांपेक्षा जास्त टाळ्या पडतील. नाही पडल्या तर मी वाजवीन.

सकाळी न राहवून काकांना फोन केला होता. मी हॅलो म्हणायच्या आत, "बोला ताई, काय हवंय? वॉकर आहेत चार. व्हीलचेअर एकच आहे आत्ता, पण तिचा डावा ब्रेक लागत नाही, दुपारपर्यंत थांबता का?"