उशिरा येणाऱ्याचं ताट

आज आमच्या चर्चच्या मंडळीचं प्रीतिभोजन होतं. उपदेशही ‘एकमेकांवर प्रीती करा’ यावरच झाला. मग मांडवात जेवण. पुढे पांढऱ्या चादरीची टेबलं, त्यावर पाण्याच्या बाटल्या, तिथे पाहुणे, पुढारी आणि कमिटीवाले. बाकीच्यांची मागे रांग. दुपार टळत आली तेव्हा आमच्यातलीच एक मावशी लेकीला घेऊन आली. सकाळपासून कापूस वेचत होती. वेचणीच्या दिवसांत रविवारची सुट्टी कोण देतं? वाढणाऱ्या पोराने पातेलं तिरकं करून दाखवलं. “संपलं मावशी, उशीर केला तुम्ही.” ती म्हणाली, “असू द्या दादा, घरी भाकर हाय.” माझ्या बायकोने आपलं ताट पुढे केलं, तिने घेतलं नाही. पुढच्या टेबलांवर तेव्हा दुसऱ्यांदा गोड वाढणं चालू होतं.

तेव्हापासून डोकं शांत नाही.

हेच पूर्वी ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीत झालं होतं. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा. ऐपतवाले आधी जेवून घ्यायचे आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहायचे. पौल स्पष्ट सांगतो, याबद्दल मी तुमची वाहवा करणार नाही. जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. प्रभुभोजनाच्या वेळी आपण याच अध्यायातली वचनं वाचतो, भाकरीची आणि प्याल्याची. त्यांच्या अलीकडची आणि पलीकडची ही खरडपट्टी मात्र कोणी वाचत नाही. का वाचत नाही?

बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोबाने तर आजचा मांडवच लिहून ठेवलाय. सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा, आणि गरिबाला म्हणे तू तिथे उभा राहा.

इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या विश्वासणाऱ्याने रोमच्या बादशहासाठी लिहिलं की आम्ही रविवारी काय करतो. शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, भाकर आणि द्राक्षारस घेतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. घरी! आमच्याकडे दारात आलेल्या बाईला परत पाठवलं. जमलेली वर्गणी कुठे जायची तेही त्याने लिहिलंय: अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके. पुढे कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन सांगतो की आमच्या पेटीतला पैसा मेजवान्यांवर जात नाही, गरिबांना जेवू घालण्यावर आणि त्यांना माती देण्यावर जातो. चौथ्या शतकात रोमचा जुलियन बादशहा, ख्रिस्ती लोकांचा पक्का विरोधक, चिडून लिहितो की हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आमच्याही पोसतात. आमच्याबद्दल आज कोणत्या विरोधकाला अशी तक्रार करावीशी वाटेल?

आता म्हणाल, तेव्हा मंडळ्या लहान होत्या, घराघरांत भरायच्या. पण इ.स. २५१ मध्ये एकट्या रोमची मंडळी दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळत होती, तेही बादशहाची तलवार डोक्यावर असताना. भांडणं तेव्हाही होती, मान्य. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष झालं, कुरकुर झाली. पण प्रेषितांनी त्यांना “उशीर केला तुम्ही” म्हणून वाटेला लावलं नाही. सात माणसं नेमली आणि व्यवस्था केली.

कमिटीतली माणसं वाईट नाहीत, हेही लिहितो. पहाटेपासून चुलीजवळ राबत होती. ते वाढणारं पोर तर लेकरूच आहे, त्याच्या हातात रिकामं पातेलं होतं, ते काय करणार? त्याला कोणी रागावू नका. हॉलचं छत गळतं, त्याला पैसा लागतो, तेही खरं.

पण आपण कोण आहोत ते तरी आठवा! आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या पंगतीत बसू दिलं नाही. सगळे उठल्यावर, लांब, वरून टाकलेलं खाल्लं त्यांनी. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल ही वस्ती वसवली ती अशाच मांगा-महारांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला माणूस आपल्या लोकांमध्ये येऊन राहिला. प्रभूच्या मेजावर पुढची रांग आणि मागची रांग नसते, म्हणून तर आपली माणसं इकडे आली. त्यांच्याच नातवंडांनी मांडवात पांढरी चादर कुणासाठी अंथरली?

ती मावशी काही बोलली नाही, हेच जास्त लागतंय. तिला सवय आहे. आपल्या मंडळीत तरी ती सवय मोडायला नको होती का?

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पाहुण्यांचं वेगळं टेबल बंद. मजुरीला गेलेल्यांची ताटं आधी काढून ठेवायची, आले नाहीत तर तरुण संघाने घरी पोचवायची. आणि दर महिन्याच्या अर्पणातला ठरावीक भाग विधवा आणि आजाऱ्यांसाठी, त्याचा हिशोब फळ्यावर. ज्यांना पटतंय त्यांनी खाली नाव लिहा, आणि बैठकीला या. मागच्या वेळी ठरावाला हात वर करायला आम्ही चौघंच होतो.