शेकोटी, कापूर आणि हिमबिबट्या: त्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून मला हा मेसेज आला: ‘कुल्लूच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला चला. परवानगीची कटकट नाही, गाडी थेट आत जाते. आवडेल तिथे तंबू ठोका, रात्रभर शेकोटी ठेवा, अस्वल फिरकत नाही. पहाटे हिमबिबट्या हमखास दिसतो. विरळ हवेचा त्रास झाला तर कापूर हुंगा.’ मेच्या सुट्टीसाठी लोक यावर विसंबून लेकराबाळांसह निघालेत, म्हणून लिहितो.

परवानगी लागते; राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच लागते. आत गाडीरस्ता नाही. तीर्थन खोऱ्यात गुशैनी गावाच्या पुढे नदीकाठच्या पायवाटेने रोल्लाच्या तळापर्यंत सामान पाठीवर घेऊन चालावं लागतं, आणि तंबू ठरलेल्या जागीच पडतात.

हिमबिबट्या ‘हमखास’? २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८ निघाले. त्यातले ४७७ लडाखात, अख्ख्या हिमाचलात ५१. तोही राहतो झाडांची हद्द संपते त्याच्या वर, कड्याकपारीत. रोल्लाला मला दिसला तो घोरल, म्हणजे बकरीसारखा दिसणारा डोंगरी प्राणी. गाईडने समोरच्या कड्याकडे बोट दाखवलं, मला नुसता दगड दिसत होता. वीसेक मिनिटांनी त्या दगडाने कान हलवला! सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट शोधताना नजर बसायला वेळ लागतो ना, तसंच हे. मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही तो जुजुराणा, हिमाचलचा राज्यपक्षी, याच जंगलात राहतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे नर साद घालतात. गप्प बसलात तर ऐकू येईल.

कापराने नाकाला गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. तिथून एकदम तीन हजार मीटरच्या वर झोपायला गेलो की डोकं धरू शकतं. अशा वेळी चढणं थांबवायचं, बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. लहान मुलाने कापूर गिळला तर फिट्स येऊ शकतात, हेही मेसेज लिहिणाऱ्याने सांगायला हवं होतं.

आता शेकोटी. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. अस्वलाचं नाक फार तिखट, जाळ बघून ते परत फिरेलच असं नाही. त्याला ओढतो तो खाण्याचा वास, आणि आपण तर शेकोटीभोवतीच जेवतो, खरकटं तिथेच टाकतो. एका तळाजवळ मी काळवंडलेल्या दगडांचं कडं पाहिलं. राखेत अर्धवट जळालेली वेफर्सची पाकिटं, बटाट्याची सालं, आणि शेजारी फांद्या ओरबाडलेलं झुडूप. त्या उंचीवर झाड वाढायला आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात. जमिनीवर पडलेलं वाळकं लाकूडही फुकट नसतं, त्याखाली किडे असतात, त्यावर पक्षी जगतात. आणि मेमध्ये पाचोळा वाळलेला असतो, एक ठिणगी पुरते. थंडीसाठी चांगली स्लीपिंग बॅग घ्या, स्वयंपाक गॅसवर करा.

कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आपण नेणारच. मीही नेतो. डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि रात्री तो उशाशी न ठेवता स्वयंपाकाच्या तंबूत गाईडच्या हवाली करा. चटणीचे हात पुसलेला नॅपकिनसुद्धा.