साम्राज्य बुडत असताना सभ्य गृहस्थाने कसे वागावे

इसवी सनाच्या पाचव्या शतकात पश्चिम रोमन साम्राज्यात सिनेटर म्हणून जन्म घेण्याचा योग आपल्या कुंडलीत असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. साम्राज्य जाईल हे खरे. परंतु आपली जमीन, आपले घोटून घेतलेले लॅटिन आणि जेवणाची ठरलेली वेळ एवढ्या गोष्टी सहज शाबूत राहू शकतात. त्यासाठी काही पथ्ये तेवढी पाळावी लागतील.

पूर्वतयारी आपल्या आजोबांच्या पिढीनेच करून ठेवली आहे. 376 साली हूणांच्या भीतीने गॉथ ही जर्मन टोळी साम्राज्याच्या सीमेवरील डॅन्यूब नदीच्या काठी आश्रय मागायला आले, तेव्हा सम्राट व्हॅलेन्सने त्यांना आत घेतले, आणि लुपिसिनस व मॅक्सिमस या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांनी त्या भुकेल्या लोकांना कुत्र्यांचे मांस देऊन मोबदल्यात त्यांची माणसे गुलाम म्हणून घेतली. दोन वर्षांनी अ‍ॅड्रियानोपलच्या लढाईत त्याच गॉथांनी सम्राटाला ठार केले आणि त्याच्या सैन्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कापून काढला. व्यवहारातला नफा मात्र तोवर पदरात पडलेला होता.

सैन्याचे नाव निघालेच आहे, म्हणून सांगतो: सरकारने भरतीसाठी आपल्या शेतावरचा धडधाकट गडी मागितला, तर तो मुळीच देऊ नये. 397 साली सिनेटरांनी तीव्र नाराजी दाखवली आणि माणसांऐवजी सोने देण्याची सवलत मिळवली. त्या सोन्यातून सरकार परक्या टोळ्यांतले सैनिक भाड्याने घेते, आणि मग सैन्यात परके फार झाले अशी तक्रार आपल्याला जेवणाच्या पंगतीत निर्धास्तपणे करता येते.

एखादा सेनापती कर्तबगार निघाला, तर त्याचा बंदोबस्त वेळेवर करणे अगत्याचे आहे. स्टिलिकोचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. वडील व्हँडल या परक्या टोळीतले, स्वतः सम्राट होनोरियसचा सासरा, आणि इटलीचे रक्षण त्याच्याच जोरावर चाललेले. गॉथांचा राजा अलारिक याला 4,000 पौंड सोने देऊन सांभाळून घ्यावे, असे त्याने 408 साली सिनेटला सुचवले, तेव्हा लाम्पाडियस नावाचे सिनेटर गरजले, “ही शांतता नव्हे, हा गुलामीचा करार आहे!” अशा बाणेदार वाक्यानंतर लगेच चर्चमध्ये आश्रय घ्यावा, लाम्पाडियसनेही तसेच केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टिलिकोचा शिरच्छेद झाला, इटलीच्या शहरांतून परक्या सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली, आणि ते संतप्त सैनिक हजारोंच्या संख्येने थेट अलारिकला जाऊन मिळाले. मग अलारिकने रोमला वेढा घालून 5,000 पौंड सोने, 30,000 पौंड चांदी, 4,000 रेशमी अंगरखे आणि 3,000 पौंड मिरी वसूल केली. ही मिरी भारताच्या किनाऱ्यावरून जहाजांनी यायची. गॉथांच्या रस्स्याला लागणारा मसालासुद्धा सिनेटने इतक्या लांबून आणून पुरवला, हे आतिथ्य वाखाणण्यासारखे आहे. 4,000 पौंडांत भागले असते, हा हिशेब मांडणे असभ्यपणाचे ठरेल. दोन वर्षांनी, 410 मध्ये, शहर लुटले गेले ते गेलेच. सम्राट त्या वेळी राव्हेन्नाच्या दलदलीआड सुखरूप होते.

हा धडा पुढच्यांनी चांगलाच गिरवला. हूणांचा राजा अ‍ॅटिला याला 451 साली गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) रोखणाऱ्या सेनापती एटियसला सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने 454 मध्ये स्वतःच्या हातांनी मारले; पुढल्याच वर्षी एटियसच्या जुन्या सैनिकांनी सम्राटाला मारले आणि व्हँडलांनी रोम चौदा दिवस सावकाश लुटले. या व्हँडलांनी 439 सालीच उत्तर आफ्रिकेतले कार्थेज घेतले होते, म्हणजे धान्य आणि करांचा सर्वांत मोठा झरा तेव्हाच आटला होता. तो परत मिळवण्यासाठी खटपट करणारा मेजोरियन हा माझ्या मते त्या काळातला शेवटचा कामाचा सम्राट. त्याच्याच सेनापतीने, रिसिमरने, 461 मध्ये त्याचा काटा काढला.

शेवटचा अंक पाहताना डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नाही. 476 साली सैनिकांनी इटलीतील एक तृतीयांश जमीन मागितली. सेनापती ओरेस्टिसने नकार दिला, म्हणून सैनिकांचा पुढारी ओडोएसर याने त्याला ठार केले आणि त्याच्या पोराला, म्हणजे सम्राट रोम्युलसला, पेन्शन देऊन काम्पानियात पाठवले. आपल्या सिनेटने तर राजवस्त्रे बांधून कॉन्स्टँटिनोपलला रवाना केली आणि तिथल्या पूर्वेच्या सम्राट झेनोला कळवले की पूर्व आणि पश्चिम दोघांना मिळून एकच सम्राट पुरेसा आहे.

आता नवे राजे आले. त्यांच्या केसांना लावलेल्या शिळ्या लोण्याचा वास येतो, असे गॉलमधला रोमन उमराव सिडोनियस अपोलिनारिस बर्गंडियन टोळीविषयी लिहितो. तसे आपणही खाजगी पत्रांत लिहावे. समोर मात्र व्हिसिगॉथांचा (पश्चिमेकडच्या गॉथांचा) राजा दुसरा थिओडोरिक याच्याशी पट खेळताना सिडोनियसप्रमाणे आनंदाने हरावे, कारण जिंकलेला राजा आपला अर्ज लवकर मंजूर करतो. घरात गॉथ सैनिक ठेवून घेण्यातून सूट मिळत असेल, तर ती नाकारावी. बोर्दोच्या पॉलिनसला ती मिळाली होती, आणि गॉथ शहर सोडून जाताना लुटीला लागले तेव्हा त्याचे घर राखायला एकही गॉथ पाहुणा नव्हता.

इटलीत ऑस्ट्रोगॉथांच्या, म्हणजे पूर्वेकडच्या गॉथांच्या, राजा थिओडोरिकच्या (हा वेगळा थिओडोरिक) दरबारी नोकरी मिळाली, तर सोन्याहून पिवळे. कॉन्सल, सिनेट, खेळ, सगळे पूर्ववत चालू असते. फक्त पूर्वेच्या सम्राटाशी पत्रव्यवहाराचा आरोप झालेल्या सहकाऱ्याची बाजू घेऊ नये. दरबारातल्या तत्त्वज्ञ बोएथियसने ती घेतली. त्याचे दोन मुलगे 522 साली एकाच वेळी कॉन्सल झाले होते. तरीही त्याला तुरुंगात टाकून मारण्यात आले. त्याच्या रिकाम्या जागेवर कासिओडोरस रुजू झाला आणि राजाची पत्रे उत्तम लॅटिनमध्ये लिहीत राहिला.