यती दिसला म्हणून डार्विन खोटा?

"माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?" हिमालयात यतीच्या, म्हणजे बर्फात राहतो म्हणतात त्या केसाळ हिममानवाच्या, पाऊलखुणा दिसल्याची बातमी आली की हा प्रश्न ठरलेलाच. डोकं फिरतं अगदी! अहो, आजच्या माकडापासून माणूस झाला असं म्हटलंय कुणी? चिंपांझी आणि आपण चुलत भावंडं. दोघांचा सामायिक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून आजोबा झालेच नाहीत, असं म्हणतो का आपण?

आणि यती म्हणे माकड आणि माणूस यांच्यातला मधला दुवा! यतीचे म्हणून जपून ठेवलेले केस, हाडं, दात, कातडी अशा ९ नमुन्यांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ८ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. तरी २०१९ मध्ये नेपाळमधल्या मकालू शिखराजवळचे ३२ इंची ठसे पाहून पुन्हा तेच सुरू. बर्फातला ठसा उन्हाने वितळून पसरतो, अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, हे कुणी ऐकूनच घेत नाही. शिवाय एकटादुकटा यती इतकी वर्षं टिकेल कसा? नर हवेत, माद्या हव्यात, पिल्लं हवीत. मग एक तरी सांगाडा दाखवा ना! शाळकरी पोरं हे सगळं खरं मानून बसतात, त्याचाच जास्त संताप येतो.