या भाऊजी!

माझा साळा नागपूरला असतो. दर गुरुवारी तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर शहरातल्या येत्या कार्यक्रमांची यादी धाडतो. रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात गझला, सिव्हिल लाइन्सला शास्त्रीय गायन, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात कुठल्यातरी राज्याचं लोकनृत्य. खाली ठरलेलं वाक्य: "या भाऊजी!" जसा काही मी धंतोलीतच राहतो. मी राहतो लाखांदूर तालुक्यात. नागपूर शंभरावर किलोमीटर, मधे उतरून गाडी बदलायची ती वेगळीच.

यंदा धानाचे चुकारे चक्क वेळेवर आले आणि माझ्या अंगात गाणं संचारलं.

तिकीट ऑनलाइन. ओटीपी आमच्या घरात येत नाही. तो येतो तलावाच्या पाळीवर, मोहाखाली, तेही पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं तर. दोनदा आकडे आले तोवर मुदत संपली. तिसऱ्यांदा मोबाइल डोक्यावर धरून फिरत होतो, तर म्हशी धूत असलेला म्हातारा म्हणाला, "कोनाले शोधून रायला?"

"ओटीपीले."

"इकडे नाई आली बाबू. शिंगं कशी हायेत?"

शेवटी मिळालं तिकीट. नकाशावर बोट ठेवून मी चौथ्या रांगेतली ऐन मधली खुर्ची घेतली. ही अक्कल पुढे महागात पडली.

साळ्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून न कळवता निघालो. सोबत नवा तांदूळ पाच किलो, वर लाखोळीची भाजी. दुपारी चारला त्याच्या दारी पोचलो तर दाराला कुलूप. फोन लावला तर तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. रात्रीचा मुक्काम गेला. लॉज पाहिले, पण डिसेंबर, अधिवेशन चालू, एकेका खोलीत तालुक्याचा तालुका झोपलेला. म्हणजे आता साडेआठची शेवटची गाडी. तांदूळ घेऊन सभागृह गाठलं.

सभागृहाला नाव वसंतराव देशपांड्यांचं. जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा. म्हणजे तेही विदर्भातल्या लहान गावचेच. पण मूर्तिजापूरला रेल्वे आहे. माणूस मोठा होतो त्याला अशीही कारणं असतात. दारावरच्या गार्डने थैलीत हात घातला, मूठभर तांदूळ काढून वास घेतला आणि म्हणाला, "माल चांगला आहे, पण आत नाही नेता येणार." थैली त्याच्या टेबलाखाली गेली.

कार्यक्रम साडेसहाचा. पाहुणे सव्वासातला आले. दीप विझला, पुन्हा लावला. शाल, श्रीफळ, मनोगत, मनोगतावर मनोगत. सात चाळीसला तानपुरे जुळले आणि बुवांनी विलंबित ख्याल धरला. अंगावर काटा आला. त्यातला काही घड्याळाचा होता. बरोबर अठरा मिनिटांनी मी उठलो. डावीकडे अकरा जोड्या गुडघ्यांच्या, उजवीकडे तितक्याच. बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात षड्जावरच थांबला. नाराज होऊन चाललेला जाणकार समजले असावेत.

बाहेर गार्ड चहाला गेलेला. तो येईस्तोवर गाडी गेली.

आमच्याकडे नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि उजाडायला सुटतं. गडचिरोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकवेडाचं फार कौतुक झालं. वेड आहेच. पण नाटक बारालाच सुटलं तर शेजारच्या गावचा माणूस जाईल कशानं, हेही एकदा गणेशपेठच्या बसस्टँडवर तांदूळ उशाला घेऊन पाहावं. मी पाहिलं. बाजूला एक कुत्रं होतं, त्याला लाखोळी आवडली नाही.

पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा आठ वाजले होते. आदल्या दिवशी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा होती, रात्री नाटक. शामियाना उतरत होता. टपरीवर बाकड्यावर आमचा साळा आणि त्याची बायको चहा पीत बसलेले, डोळे लाल, अंगावर माझं ब्लँकेट.

"या भाऊजी!" साळा म्हणाला. "काल कुठं होता? तुमच्या जागेवर मीच बसलो. पहिली रांग. रडवलं हो शेवटी!"

मी थैली त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने आत पाहिलं.

"आता कायले उचलून आनली जी?" मागून माझी बायको म्हणाली. "त्याले मी कालच दहा किलो देल्लं."