‘मोहर काळो पडलो’

जानेवारीत देवगडला घरी गेलो होतो. संध्याकाळी खळ्यात बसून पुतण्याने लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं एक खुलं एआय मॉडेल दाखवलं. नेट लागत नाही, पैसे पडत नाहीत. दादाने आंब्याच्या बागेतली अडचण आमच्या मालवणीत सांगितली आणि पुतण्याने ती तशीच टाइप केली: ‘मोहर काळो पडलो, काय करूचा?’ म्हणजे मोहोर काळा पडला, काय करायचं? उत्तर आलं, पडल्यावर मुका मार लागला असेल तर बर्फ लावा, डॉक्टरांना दाखवा. ‘पडलो’ म्हणजे ‘मी पडलो’, असं मॉडेलने प्रमाण मराठीच्या हिशेबाने धरलं. मोहोरावर येणारे तुडतुडे, करपा यांचं नावही नाही. ‘काकानू, ह्येका आपली भाषा कळणा नाय,’ पुतण्या म्हणाला. दादा काही न बोलता उठून आत गेला. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

आपली भाषा कळणारं मॉडेल आणायचं कसं, यावर गावाकडच्या मित्रांत वाद झडतो. एकाचं म्हणणं, केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनला २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले, तर आपलं मॉडेल मुळापासून आपणच घडवावं. दुसरा म्हणतो, डीपसीक, क्वेन, लामा ही परदेशी मॉडेलं आयती मिळतात, पैसे कशाला घालवायचे?

मी झुरिकला राहतो. इथलं ईटीएच आणि लोझानचं ईपीएफएल ही तंत्रविद्यापीठं आणि स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय महासंगणन केंद्र यांनी मिळून सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अपेर्तुस’ हे मॉडेल खुलं केलं. बहुतेक ‘खुल्या’ मॉडेलांची फक्त वेट्स, म्हणजे शिकून तयार झालेले आकडे, हाती येतात. इथे कोणत्या मजकुरावर आणि कसं शिकवलं, तेही उघड आहे. ज्या ‘आल्प्स’ महासंगणकावर ते घडलं, तो सार्वजनिक पैशातून उभा आहे आणि लुगानोच्या तलावाच्या पाण्याने थंड ठेवला जातो. बड्या कंपन्यांच्या सर्वांत ताकदवान मॉडेलांच्या तोडीचं ते नाही. पण त्यात रोमान्श आहे. डोंगरदऱ्यांतली ही भाषा बोलणारे लाखभरही नाहीत, तरी तिला जागा ठेवली.

आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या संशोधन गटाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी खुलं भाषांतर मॉडेल दिलं. त्यात मराठी आहे, १९९२ पासून अनुसूचीत असलेली कोकणीही आहे. मालवणी दोघींच्या मधल्या फटीत राहिली.

म्हणून मला दोन्ही मित्रांचं अर्धंच पटतं. कोकणासाठी मॉडेल मुळापासून घडवायची गरज नाही. तयार लहान मॉडेलला पुढचं शिकवायला मोजक्या जीपीयूंवर, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप्सवर, भागतं. पण शिकवायला मालवणी मजकूर आणि आवाज हवेत, आणि ते आयते कुठेच मिळत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आंब्याचं ज्ञान आहे, बागायतदाराच्या तोंडी भाषा आहे. दोन्ही एकत्र आणण्यावर खर्च व्हावा, आणि हे सगळं चालवणारं यंत्र तालुक्यातच असावं. २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या वाडीत वीज आणि रेंज दोन्ही गेल्या होत्या. अशा वेळी दूरच्या सर्व्हरचा काय उपयोग? सौर पॅनेलवर चालणारा एक साधा संगणक तेव्हा कामी येईल.

निघायच्या आदल्या दिवशी दादा कलमांखालून बोलत चालला होता, पुतण्या फोन धरून मागे. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. रोज रात्री थोडं थोडं ऐकून मी ते इथे उतरवून घेतोय.