‘सगळीकडे दुखते’ म्हणणारी स्त्री बनाव करत नसते

डोकेदुखी, जबड्याचे दुखणे, ओटीपोटातील कळा आणि अंगदुखी एकदम सांगणाऱ्या बाईला आजार नसतो, तिचे रिपोर्ट नॉर्मलच येतात, मूल झाले की सारे थांबते आणि तोवर तिने व्यायाम करावा, असा संदेश सध्या फिरत आहे. तो वाचून माझ्या धाकट्या बहिणीने डॉक्टरांची ठरलेली भेट रद्द केली, म्हणून हे उत्तर.

अनेक ठिकाणी दुखणे हाच या संदेशात खोटेपणाचा पुरावा ठरला आहे, आणि हेच त्यातले सर्वांत घातक विधान आहे. फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार), मायग्रेन, जबड्याच्या सांध्याचे विकार, आयबीएस (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्यांचा विकार), मूत्राशयाचे वेदनादायी विकार आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) यांतील दोन-तीन विकार एकाच व्यक्तीत आढळणे इतके नेहमीचे आहे की अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांचा एक गटच मानला आहे. यांतील बहुतेक विकार स्त्रियांमध्ये अधिक दिसतात. अनेकदा मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या अंगठ्यावर हलका दाब देऊन मेंदूचे एफएमआरआय चित्रण (मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारे) केले, तेव्हा निरोगी व्यक्तींमध्ये बऱ्याच अधिक दाबाने दिसणारी प्रतिक्रिया त्यांच्या मेंदूत त्या हलक्या दाबानेच दिसली. जी वेदना मेंदूच्या चित्रणात उमटते, तिला बनाव म्हणण्याचा अधिकार संदेश लिहिणाऱ्याला कोणी दिला?

रिपोर्टचे म्हणावे तर नेहमीच्या रक्ततपासण्या आणि एक्स-रे ही अतिसंवेदनशीलता मोजतच नाहीत, आणि एंडोमेट्रिओसिस असूनही सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते.

मूल होण्याचा सल्ला तर क्रूर आहे. गरोदरपणात पाळी थांबल्याने एंडोमेट्रिओसिसच्या काही रुग्णांना तात्पुरता आराम पडतो, पण तो आजारावरचा इलाज नाही. शिवाय याच आजारामुळे अनेकींना मूल होण्यात अडचण येते, आणि नेमके त्यांनाच हा उपाय सुचवला जातो.

व्यायामाबद्दलचे विधान मात्र अर्धे खरे आहे, हे मान्य करावे लागते. फायब्रोमायल्जियासाठी युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या शिफारशींत सर्वाधिक भर व्यायामावरच दिला आहे, परंतु तो झेपेल तेवढ्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा असतो. याच गटातील दीर्घकालीन थकव्याच्या विकारात श्रमानंतर त्रास वाढतो, म्हणून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत त्या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट केले. कोणत्या स्त्रीला यांतला कोणता विकार आहे, हे तपासणीनंतरच कळते, आणि तीच तपासणी हा संदेश टाळायला लावतो.